भाकरीवरील बुरशी आणि कणगीतील धान्य
शाळेत करून दाखविण्याजोगा एक सोपा प्रयोग

पावसाळ्याच्या दिवसांत शिळ्या भाकरीवर बुरशी येते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तसा तुकडा दिसला की तो गुरांपुढे टाकला जातो आणि गोष्ट तेथेच संपते. परंतु तीच बुरशी कणगीतील मक्यावर किंवा पोत्यातील भुईमुगाच्या शेंगांवर वाढत असली, तर ती महिनोनमहिने कोणाच्या दृष्टीस पडत नाही. कणगी अंधारी असते, पोते शिवलेले असते. दाणे बाहेर काढल्यावर कुबट वास आला, तर शेतकरी ते उन्हात घालतो, पाखडतो, धुतो आणि दळावयास नेतो. ह्या उपायांनी बुरशी दिसेनाशी होते, पण तिने दाण्यात सोडलेले विष तेथेच राहते.

ही गोष्ट केवळ सांगून पटत नाही, असा विस्तारकार्य करणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून कणगीत जे घडते ते काचेच्या बाटलीत घडवून दाखवावे. त्यासाठी गावची प्राथमिक शाळा हे उत्तम स्थान होय. प्रयोगास खर्च जवळजवळ नाही आणि वेळ आठ-दहा दिवसांचा लागतो. मात्र ग्रामसेवकाने किंवा शिक्षकाने तो आधी नीट समजून घेतला पाहिजे. अर्धवट समजून केलेल्या प्रयोगावरून मुले भलताच निष्कर्ष काढतात. "बाटलीचे झाकण लावले म्हणून बुरशी आली," असे उत्तर हमखास येते.

बुरशी म्हणजे काय

बुरशीची गणना पूर्वी वनस्पतींत करीत असत. आता शास्त्रज्ञ तिची स्वतंत्र सृष्टी मानतात. तिच्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करणे तिला जमत नाही. दुसऱ्याने तयार केलेल्या अन्नावर ती जगते. तिचे शरीर अत्यंत बारीक तंतूंचे असते. हे तंतू अन्नात शिरतात, त्यात पाचक रस सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. वाढ पुरेशी झाली म्हणजे तंतूंच्या टोकांवर बीजाणू तयार होतात. आपल्याला दिसणारा हिरवा, काळा किंवा पिवळा रंग बहुधा ह्या बीजाणूंचा असतो. वाऱ्याच्या झुळकीने ते उडतात. घरातील हवा, शेतातील माती, रिकामी पोती, खळे, माणसाचे हात अशी कोणतीही जागा त्यांच्यापासून मुक्त नाही.

बुरशी अन्नातून आपोआप उत्पन्न होते असा समज फार जुना आहे आणि तो केवळ आपल्याकडेच होता असे नाही. इटलीतील फ्लॉरेन्स येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली ह्याने १७२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या समजास प्रयोगाने उत्तर दिले. त्याने बुरशीचे बीजाणू खरबुजाच्या फोडींवर टाकले आणि ज्या जातीचे बीजाणू टाकले त्याच जातीची बुरशी उगवते, असे दाखविले. जोंधळा पेरला तर जोंधळाच उगवतो, त्यातलाच हा प्रकार. शाळेत करावयाचा प्रयोग मूळचा ह्या खरबुजाच्या फोडींचाच आहे. आपण त्यासाठी भाकरी घेऊ.

साहित्य व कृती

रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या चार काचेच्या बाटल्या घ्याव्यात. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या चालतात. त्या उकळत्या पाण्याने धुऊन, उपड्या घालून पूर्ण कोरड्या कराव्यात. आदल्या दिवशीची ज्वारीची भाकरी घेऊन तिचे सारख्या आकाराचे तीन तुकडे करावेत आणि ते अर्धा तास वर्गात उघडे ठेवावेत. बेकरीचा पाव वापरण्याचा मोह टाळावा. कित्येक पावांत बुरशी रोखणारे द्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे प्रयोग रेंगाळतो व मुलांचा उत्साह मावळतो.

पहिल्या तुकड्यावर एक चहाचा चमचा पाणी शिंपडून तो पहिल्या बाटलीत ठेवावा. पाणी ह्याहून जास्त घालू नये. तुकडा भिजून लगदा झाला तर बुरशीऐवजी जिवाणूंची वाढ होते, भाकरी बुळबुळीत होऊन सडते आणि पाहावयाचे ते राहून जाते. दुसरा तुकडा तव्यावर मंद आचेने कुरकुरीत होईपर्यंत वाळवून, निववून, कोरडाच दुसऱ्या बाटलीत ठेवावा. तिसऱ्या तुकड्यासाठी एक चमचा पाण्यात मावेल तितके मीठ विरघळवून ते पाणी शिंपडावे आणि वरून आणखी चमचाभर मीठ चोळावे. येथे हात सढळ असावा. भाकरीत चवीपुरते मीठ असते, त्याने बुरशी थांबत नाही.

चौथा तुकडा शिळा नसावा. तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी स्वच्छ चिमट्याने मोडून, गरम असतानाच, नुकत्याच उकळत्या पाण्याने धुतलेल्या चौथ्या बाटलीत टाकावी. उकळून निवविलेले एक चमचा पाणी घालून झाकण लगेच लावावे. ही बाटली दर वेळी अपेक्षेप्रमाणे वागते असे नाही. झाकण लावता लावताही हवेतील बीजाणू आत शिरू शकतात. तरीही बहुधा ह्या तुकड्यावर बुरशी पहिल्यापेक्षा उशिरा आणि कमी येते. ती मुळीच आली नाही तर मुलांना मिकेलीची गोष्ट सांगण्यास याहून चांगली संधी नाही.

चारही बाटल्यांवर क्रमांक व तारीख लिहावी, झाकणांभोवती चिकटपट्टी लावावी आणि त्या एकाच फळीवर, उन्हापासून दूर ठेवाव्यात. जागा एक, उजेड एक, हवामान एक. बाटल्यांमध्ये फरक असेल तो केवळ आपण मुद्दाम केलेला. चारही बाटल्यांना झाकण आहे, तरी चारही बाटल्यांत बुरशी येत नाही. मग दोष झाकणाचा कसा, हे मुलांना येथेच विचारावे.

पाचवी बाटली थंड जागी ठेवून पाहण्याची कल्पना पुष्कळांना सुचते आणि ती चांगली आहे. परंतु त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राचे शीतकपाट मागू नये. तेथे लसी ठेविलेल्या असतात. कोणाच्या घरी शीतकपाट असल्यास चिकटपट्टी लावलेली बाटली पिशवीत बांधून तेथे ठेवावी.

प्रयोग सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एकही झाकण उघडता कामा नये. वास घेऊन पाहण्याची मुलांची खोड असते. बुरशीचे बीजाणू नाकावाटे गेल्यास दम्याच्या मुलांना त्रास होतो आणि इतरांनाही ते हितकर नाही. पाहणे काचेतूनच व्हावे. भिंग मिळाल्यास उत्तम.

काय दिसते

२५ ते ३५ अंश सेल्सियस तापमानात, म्हणजे आपल्याकडील पावसाळ्यात, दुसऱ्या दिवशी पहिल्या बाटलीच्या आतील काचेवर दव साचलेले दिसते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तुकड्यावर पांढरे, कापसासारखे तंतू येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांवर रंग चढतो. उंच वाढलेल्या पांढऱ्या जाळ्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर ती बहुधा रायझोपस ही बुरशी असते. निळसर हिरवी भुकटी पेनिसिलियमची असते. ह्याच गणातील एका बुरशीत अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना १९२८ साली पेनिसिलिन सापडले, आणि पुढे ते औषध तयार करण्यासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला. सगळ्याच बुरशी माणसाच्या वैरी नाहीत, हे मुलांना कळावे. मात्र त्यावरून बुरशी आलेली भाकरी औषधी असते असा अर्थ कोणी काढू नये.

पिवळसर हिरवी भुकटी दिसली तर ती ॲस्परजिलस फ्लेव्हस ह्या बुरशीची असू शकते. केवळ रंगावरून जात निश्चित करता येत नाही, परंतु हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत घातक बुरशी हीच होय.

दुसऱ्या बाटलीतील वाळलेला तुकडा आठव्या दिवशीही जसाच्या तसा असतो. त्यावर बीजाणू नाहीत असे नव्हे. पाणी नाही म्हणून ते उगवू शकले नाहीत, इतकेच. तिसऱ्या बाटलीत पाणी आहे, तरी बुरशी नाही किंवा नाममात्र आहे. मीठ पाणी स्वतःकडे धरून ठेवते, बुरशीला ते मिळू देत नाही. ही दोन्ही तत्त्वे गावातील स्त्रियांना पुस्तकावाचून अवगत आहेत. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे कडकडीत वाळवून डब्यात भरतात ते पहिल्या तत्त्वावर, आणि कैरीच्या लोणच्यात मीठ मोजताना हात आखडत नाहीत ते दुसऱ्या तत्त्वावर. लोणच्यात ओला चमचा बुडविला तर वर पांढरा थर का येतो, हा प्रश्न वर्गात विचारावा. बाटल्या पाहिलेली मुले त्याचे उत्तर स्वतः देतात.

पहिल्या बाटलीत आणखी एक गोष्ट पाहावी. रंगीत ठिपका तुकड्याच्या एका कोपऱ्यात असला तरी भिंगातून पाहिल्यास पांढरे तंतू त्याच्या पलीकडे पसरलेले दिसतात, आणि न दिसणारे तंतू भाकरीच्या आत गेलेले असतात. बुरशीचा डाग खरवडून उरलेला भाग खाण्याची रीत म्हणूनच चुकीची आहे.

प्रयोग संपल्यावर शिक्षकाने बाटल्या उघड्या जागी न्याव्यात. ब्लीचिंग पावडर मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत बाटली पूर्ण बुडवून झाकण पाण्याखालीच उघडावे, म्हणजे बीजाणू उडत नाहीत. दुसऱ्या दिवशी तुकडे खड्ड्यात पुरावेत. ते कोंबड्यांना किंवा गुरांना घालू नयेत.

बुरशीचे विष

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस वाढली होती व तिने एक विष तयार केले होते, असे आढळून आले. ह्या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृतावर आघात करते. थोड्या प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

आपल्या देशाने ह्याचा दाहक अनुभव १९७४ साली घेतला. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल ह्या लगतच्या जिल्ह्यांत कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला. मका भिजला. तेथील आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न मकाच, आणि घरात दुसरे धान्य नाही. त्यामुळे बुरशी आलेला मका त्यांना खावा लागला. काही आठवड्यांत गावोगाव कावीळ झाली, पोटात पाणी साचू लागले. सुमारे ४०० रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी १०० हून अधिक माणसे दगावली. त्या घरांतील अन्नावर जगणाऱ्या कुत्र्यांनाही तोच विकार झाला. दूषित मका खाण्यात होता, ह्या निष्कर्षास कुत्र्यांच्या आजाराने पुष्टी मिळाली. ती माणसे बेफिकीर होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसरा घास नसेल तर कुबट घासही गिळावा लागतो. भिजलेले पीक वाळविण्याची सोय वेळेवर होणे हाच तेथे खरा उपाय होता.

ज्वारीच्या प्रदेशासही हा विषय परका नाही. १९६४ साली सी.एस.एच. १ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला आणि खरिपाचे उत्पादन वाढले. परंतु संकरित वाण लवकर पक्व होतात, आणि पाऊस चालू असतानाच कणसे भरली तर दाण्यांवर बुरशी येऊन ते काळे पडतात. जुने गावरान वाण पाऊस ओसरल्यावर पक्व होत, म्हणून ते ह्यातून वाचत. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत अवेळी पावसाने भिजलेल्या, बुरशी आलेल्या ज्वारीच्या व मक्याच्या भाकरी खाल्ल्याने लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. तेथे विष निराळे होते व बुरशीही निराळी होती. कारण मात्र तेच, ओल.

भाकरी भाजली, भात शिजविला, दूध उकळले तरी अफ्लाटॉक्सिन नष्ट होत नाही. पाणी उकळते त्या तापमानास ते दाद देत नाही. म्हणजे बुरशीचा बंदोबस्त चुलीवर करता येत नाही, तो खळ्यावरच करावा लागतो.

मिठाची परीक्षा

धान्य पुरेसे वाळले की नाही, हे शेतकरी दाणा दाताखाली कडकन फुटतो की नाही ह्यावरून ओळखतो. अनुभवी माणसाचा अंदाज सहसा चुकत नाही, पण सगळेच अनुभवी नसतात. आर्द्रतामापक यंत्र प्रत्येक गावात मिळेल असेही नाही. अशा वेळी प्रयोगातील बाटली आणि प्रयोगातील मीठ दोन्ही पुन्हा उपयोगी पडतात.

एक स्वच्छ व पूर्ण कोरडी काचेची बाटली घ्यावी. मीठ तव्यावर गरम करून कोरडे करावे व निववावे. बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल इतका मका किंवा ज्वारी तीत घालून दोन-तीन मोठे चमचे मीठ टाकावे. झाकण लावून मिनिटभर जोराने हलवावे आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. मीठ काचेला आतून चिकटून राहिले तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे. मीठ खाली पडून काच स्वच्छ राहिली तर ओलावा त्याहून कमी आहे.

ह्यामागील कारण सोपे आहे. सभोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओल धरू लागते, म्हणूनच पावसाळ्यात घरातील मिठाला पाणी सुटते. आणि मक्यात किंवा ज्वारीत १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असला म्हणजे दाण्यांमधील हवा जवळजवळ तितकीच दमट होते. बाटलीतील मीठ त्या हवेची साक्ष देते. तितक्या दमट हवेत बुरशीलाही वाढता येते.

ह्या परीक्षेत उतरलेले धान्य लगेच कणगीत भरण्याची घाई करू नये. १५ टक्के ही धोक्याची सीमा आहे, सुरक्षिततेची नव्हे. दीर्घकाळ साठवावयाचा मका व ज्वारी १२ टक्क्यांच्या आसपास आणावी लागते. त्यासाठी बाटलीने होकार दिल्यानंतरही चांगल्या उन्हाचे आणखी एक-दोन दिवस द्यावेत. धान्य नुसत्या जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर पातळ पसरावे, वरचेवर हलवावे आणि संध्याकाळी झाकावे. रात्रीचे दव दिवसाचे काम पुसून टाकते.

भुईमुगास ही परीक्षा लागू पडत नाही. त्याच्या शेंगा ८ ते ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवाव्या लागतात. शेंग कानाजवळ हलविली असता दाणे खुळखुळले आणि दाण्याची साल बोटाने चोळताच सुटली, तर वाळवण पुरते झाले असे मानता येते. ॲस्परजिलस फ्लेव्हस मातीतच राहते, त्यामुळे भुईमुगात तिचा शिरकाव शेतातच होऊ शकतो. शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला, वाळवीने किंवा खुरप्याने शेंगा फुटल्या, तर तिला वाट मिळते. काढणीनंतर वेल उलटे करून, शेंगा वर येतील असे ठेवावेत. फुटक्या, सुरकुतलेल्या व काळपट शेंगा वेगळ्या काढाव्यात, कारण विषाचा मोठा भाग अशाच थोड्या दाण्यांत साठलेला असतो. शेंगा फोडण्यास सोपे जावे म्हणून त्यांवर पाणी मारण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती निःसंशय वाईट आहे. महिनाभर वाळविलेला माल त्या बादलीभर पाण्याने पुन्हा पहिल्या बाटलीतील भाकरीसारखा होतो.

साठवण करताना पोती भिंतीला चिकटवू नयेत व थेट जमिनीवर रचू नयेत. खाली लाकडी फळ्या घालाव्यात. धान्यात कीड वाढली तर तिच्या श्वसनानेही ओल व उष्णता निर्माण होते, म्हणून कोरडे भरलेले धान्यदेखील मधून मधून पाहावे. पोत्यात हात घातला असता आत ऊब लागली, तर ते पोते त्याच दिवशी मोकळे करावे.

बुरशी आलेले धान्य जनावरांना घालणे ही बचत नव्हे. दुभत्या गाई-म्हशींना दूषित पेंड दिली तर अफ्लाटॉक्सिनचा काही अंश एका दिवसाच्या आत दुधात उतरू लागतो, आणि ते दूध घरातील लहान मुलेच अधिक पितात. पेंड विकत घेतानाही ढेप फोडून आतला रंग व वास पाहावा.

हा प्रयोग ऑगस्टच्या अखेरीस सुरू करणे सोयीचे पडते. हवा दमट असते, बुरशी लवकर येते, आणि खरिपाची काढणी अजून पुढे असते. चारही बाटल्या, झाकणे न उघडता, एक दिवस ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मांडून ठेवाव्यात. समजावून सांगण्याचे काम मुलांकडे द्यावे. प्रत्येक घरातून येताना मूठभर मका किंवा ज्वारी आणावयास सांगितल्यास मिठाची परीक्षा तेथेच सर्वांसमक्ष करून दाखविता येते.